डाळीवरचं पाणी

संपादकांनी माझ्याकडे दिवाळीच्या ‘हेल्दी फराळा’च्या दहा पाककृती मागितल्या होत्या. भाजलेली चकली, खजुराचा लाडू, नाचणीची शंकरपाळी, असं काहीतरी. मी फोनवर हो म्हटलं आणि मग चार दिवस कागद पुढे घेऊन नुसती बसून राहिले. अशा पाककृती मी आयुष्यभर लिहिल्या. लोकांनी त्या कौतुकाने फ्रीजच्या दारावर चिकटवल्या आणि तेच दार उघडून बासुंदीचं पातेलं बाहेर काढलं. तेव्हा या वेळी पाककृती एकच देते, तीही माझी नाही. संपादकांना चाललं तर छापावी.

मी आहारतज्ज्ञ होते. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका दुमजली खाजगी रुग्णालयात नोकरी आणि बदलापूरला राहायला एक खोली-स्वयंपाकघर. दारावरच्या पाटीवर ‘डाएटिशियन’ लिहिलेलं होतं, पण पेशंट मला ‘खानेवाली मॅडम’ म्हणायचे. म्हणजे खाणं बंद करणारी. मी सांगते आहे ती दोन हजार सालानंतरची सात-आठ वर्षं. आमच्याकडे मधुमेहाची रांग जिन्यापर्यंत यायला लागली होती आणि तळमजल्यावर डायलिसिसची दोन मशिनं नुकतीच बसली होती.

आमच्या कामाचं मुख्य हत्यार म्हणजे एक साधा प्रश्न. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्लंत? याला आम्ही चोवीस तासांची आठवण म्हणतो. ऐकायला सोपं वाटतं, पण या प्रश्नाला खरं उत्तर मिळवायला मला पाच-सहा वर्षं लागली. माणसं खोटं बोलतात असं नाही. त्यांच्या लेखी काही गोष्टी खाणं या सदरात येतच नाहीत. चहाबरोबरचं खारी बिस्कीट खाणं नसतं. फोडणी देताना चाखलेलं खाणं नसतं. प्रसादाने रक्तातली साखर वाढते यावर तर अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही.

परसराम अंकल माझे याबाबतीतले गुरू. त्यांचं कॅम्प पाचमध्येच मिठाईचं दुकान होतं आणि त्यांना स्वतःला जबर मधुमेह. दिवाळीच्या आधी हात जोडून म्हणाले, दुकानात बसून काहीच खायचं नाही हे जमणार नाही, काहीतरी सूट द्या. मी दिवसाला मिठाईचे दोन तुकडे लिहून दिले. दिवाळी झाल्यावर त्यांची साखर आभाळाला टेकली होती. मी चिडले. अंकल शपथेवर सांगत होते की दोनच खाल्ले. शेवटी त्यांच्या सूनबाईने हाताने माप करून दाखवलं. अंकल रोज स्वतःच्या हाताने बर्फीचे दोन तुकडे कापून घेत होते, आणि एकेक तुकडा साबणाच्या वडीएवढा होता.

“दो पीस बोला था मॅडम,” अंकल शांतपणे म्हणाले. “साइज नहीं बोला था.”

तेव्हापासून मी पत्रकावर काडेपेटीचं माप लिहायला लागले. आणि एक गोष्ट मनाशी धरली, की पत्रकात जे लिहायचं राहतं तेच माणूस खातो. एवढं कळूनही पुढे मी चुकलेच, ते सांगायलाच बसले आहे.

त्याआधी एक घरगुती गोष्ट सांगते, कारण ती यात आहे. आमच्या बदलापूरच्या इमारतीत दिवाळीला फराळाची ताटं मजल्यामजल्यावर फिरायची. वरून विणलेला रुमाल, खाली चकली, करंजी, चिवडा. मी दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. ताट पहिल्या मजल्यावरून निघायचं, माझ्या दारावरून जायचं आणि तिसऱ्यावर पोचायचं. पहिल्या वर्षी मी दार उघडं ठेवून बसले होते. शेजारच्या वहिनी हसून म्हणाल्या, तुम्हाला देऊन उगाच लाजवायचं कशाला, तुम्ही तर हे सगळं खात नाही ना. मी पण हसले. मला चकली जीव की प्राण आहे हे तिथे कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. पुढच्या वर्षीपासून मी त्या दिवसांत दार लावून घ्यायला लागले. रुग्णालयातही तेच. मी जेवणाच्या खोलीत गेले की नर्सांचे डबे पटापट मिटायचे. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. मी कुणाच्या ताटात डोकावत नव्हते, पण लोकांना तसं वाटायचं. सणाच्या दिवशी मला फार एकटं वाटायचं, आणि ते एकटेपण माझ्या पगारातच धरलेलं आहे अशी मी समजूत घालून घेत असे.

शिवाय सण तसे आमचे नव्हतेच. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरातले देव आणि देवांचे सण एकाच दिवशी सोडले. माझे वडील अंबरनाथला कारखान्यात होते. ते या बाबतीत आजोबांपेक्षा कडक. बुद्धपौर्णिमेला खीर आणि चौदा एप्रिलला गोडाचं जेवण, एवढेच आमचे सण. होळीच्या दिवशी वडील संध्याकाळी दार लावून आम्हाला अभ्यासाला बसवायचे. आई पुरणपोळी करत नसे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही आणि आजही वडिलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्यामुळे झालं असं, की सणांचं जेवण मला पुस्तकातून कळलं. एका पुरणपोळीत किती उष्मांक, किती प्रथिनं, हे पाठ. ती पोळी जिथे होते त्या चुलीशी मी कधी बसले नव्हते. आईवडील गेले, भाऊ नोकरीसाठी नागपूरला गेला तो तिथलाच झाला, आणि लग्न माझं काही झालं नाही. विचारायला घरात कुणी उरलं नव्हतं.

हिराजीदादा डायलिसिसला यायला लागले तेव्हा साठीच्या अलीकडे होते. सोनिवलीचे आगरी. भाताची जमीन होती, तिच्यावर आता इमारती उभ्या राहत होत्या. रक्तदाब बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला आणि दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा चार-चार तास मशिनला लागायचे. बरोबर बायको, गोमतीकाकू, नऊवारी नेसून बाहेरच्या बाकावर बसलेली. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. आडनाव कळल्यावर काही घरांतून माझ्याशी बोलणं आखडतं व्हायचं, मला सवय होती. गोमतीकाकूंनी आडनाव ऐकलं, मान डोलावली आणि पिशवीतून काकडी काढून मला दिली. “वाडीतली हाय गो बाय, खा.” त्यानंतर मी त्यांची बायच झाले.

मूत्रपिंडाच्या पेशंटचं खाणं हे आमच्या कामातलं सगळ्यात उलटं प्रकरण. जगाला जे चांगलं ते त्यांना वाईट. नारळपाणी वाईट, पालेभाजी वाईट, डाळी बेताने, फळं मोजून. साखर चालते पण गूळ नाही. मैदा चालतो, गहू जपून. कारण त्या सगळ्या चांगल्या पदार्थांत पोटॅशियम असतं. आपल्या अंगातलं जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ती बंद पडली की ते रक्तात साठतं आणि हृदयाचा ठोका चुकायला लागतो. म्हणून भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पाणी ओतून द्यायचं आणि उरलेला चोथा फोडणीला टाकायचा. चवीला काय लागत असेल ते मी करून पाहिलं आहे. वर पाण्याचंही रेशन. हिराजीदादांना दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, ताक, सगळं. त्यांनी एका निळ्या बाटलीवर खिळ्याने रेघा ओढल्या होत्या आणि ती बाटली ते लेकरासारखी सांभाळायचे. सांगितलेलं ऐकणारा इतका गुणी पेशंट मला पुन्हा भेटला नाही.

एका होळीच्या महिनाभर आधी ते मशिनवर पडल्या पडल्या म्हणाले, “मॅडम, एक मागू? यंदा पोळी खाऊ का?”

मी कपाळाला आठ्या घातल्या. मग ते सावकाश सांगत गेले. गावच्या होळीला पहिला पलिता लावायचा मान त्यांच्या घराचा. होळी लावून आला की घरचा कर्ता पहिला पाटावर बसतो, तो जेवल्यावर बाकीची पंगत. आजार झाल्यापासून दोन वर्षं ते होळी लावून यायचे आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. मुलगा नरेश त्यांच्या जागी पाटावर बसायचा. पोळीची एवढी भूक नाही, ते म्हणाले, पण जिवंतपणी आपली जागा दुसऱ्याला दिलेली बघवत नाही.

मी त्या पोळीच्या मागे लागले. तीन संध्याकाळी पुस्तकं काढून बसले. माझ्या नोकरीत मी इतक्या उत्साहाने दुसरं काही केल्याचं आठवत नाही. एक लहान पोळी, तळहाताएवढी. गुळाऐवजी साखर. वरची पारी मैद्याची. तूप एक चमचा, दूध घ्यायचं नाही. चणाडाळ आदल्या रात्री भिजत घालून ते पाणी टाकायचं, मग भरपूर पाण्यात शिजवायची, ते पाणी पूर्ण काढायचं आणि मगच पुरण वाटायचं. अर्धंअधिक पोटॅशियम त्या पाण्यात निघून जातं. मी हे गोमतीकाकूंना वाचून दाखवलं तेव्हा त्या हसायला लागल्या.

“बाय, पुरन तर आसंच करतात गो. पानी काढल्याबिगर पुरन होतंच नाय.”

मला इतका आनंद झाला. शास्त्र आणि परंपरा एकदाच काय त्या एका पातेल्यात भेटल्या होत्या. त्याच आठवड्यात अंबरनाथच्या एका महिला मंडळात माझं भाषण होतं. तिथे मी ठासून सांगितलं की बघा, आपल्या बायकांना हे आधीपासून माहीत होतं. टाळ्या पडल्या. गोमतीकाकूंच्या त्या हसण्यात माझ्यासाठी एक प्रश्न होता, तो मी विचारला नाही.

धुळवडीच्या सकाळी नऊ-साडेनऊला रुग्णालयातून फोन आला. हिराजी पेशंट आणलाय, पायात जोर नाही, नाडी मंदावलीय, तुम्ही या. रस्त्यावर रिक्षा नाहीत, चौकाचौकात पोरं पिपं घेऊन उभी. एका दूधवाल्याने मला टेम्पोत बसवलं. मी पोचले तोवर डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली होती आणि मशिन सुरू होत होतं. मशिन चालवणारा तंत्रज्ञ सुट्टीवरून धावत आला होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे होते. डॉक्टरांनी वाढलेल्या पोटॅशियमचा रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाले, याने खाल्लं काय ते शोधा.

मी बाहेरच्या बाकावर गोमतीकाकूंसमोर बसले. नरेश शेजारी उभा, तोंडाला गुलाबी रंग तसाच. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. काल सकाळपासून काय काय खाल्लं? काकू भेदरल्या होत्या, पण सगळं नीट सांगत होत्या. सकाळी अर्धा कप चहा. दुपारी मऊ भात. संध्याकाळी होळी लावून आले, पाटावर बसले, एक पोळी, तळहाताएवढी, साखरेची, एक चमचा तूप. भात मूठभर. बस. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. केळं? नाही. नारळ? होळीचा नारळ दुसऱ्यांना दिला. पत्रकाप्रमाणे सगळं झालं होतं. मग मी उगाचच, काही विचारायचं राहू नये म्हणून विचारलं, की डाळ शिजवलेलं पाणी नीट ओतून दिलं होतं ना?

“वतून?” काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. “कट कोन वतून टाकतं बाय? त्याची आमटी केली.”

कटाची आमटी हे नाव मी ऐकलं होतं. लग्नाकार्यात कधी खाल्लीही असेन. पण ती कशाची करतात हे मी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी काढतात, त्याला कट म्हणतात, आणि त्यात चिंच, गूळ, भाजलेलं खोबरं, मसाला घालून त्याची आमटी होते. पुरणपोळी असेल त्या घरी ही आमटी असतेच. लहान पोरीलाही ते माहीत असतं. मी डाळीतून जे जे म्हणून बाहेर काढलं होतं ते सगळं त्या आमटीत उतरलं होतं, आणि वर चिंच, गूळ, खोबऱ्याची भर. काकूंनी ते सांगितलं नव्हतं, कारण पत्रकात आमटीचं नाव नव्हतं. आणि आमटी कुणी मोजत नाही, ती पाण्यातच जमा.

“किती घेतली त्यांनी?”

“तीन वाट्या.” मग काकू हळूच म्हणाल्या, “सकालधरनं पानी नाय पिले. बोलले, आज बाटलीतला पानी आमटीला ठेवतो.”

म्हणजे माणूस दिवसभर तहानलेला राहिला होता. नियम मोडू नये म्हणून. मला तिथेच रडू यायला लागलं, पण रडता येईना, कारण डॉक्टर बाहेर आले होते. त्यांनी ऐकलं आणि ते कडाडले. मॅडमनी एवढं लिहून दिलं होतं ना? मग आमटी द्यायला कुणी सांगितलं? सगळे गोमतीकाकूंकडे बघायला लागले. नरेश आईवर ओरडला, “आई, तुला एवढी पन अक्कल नाय? पप्पांना मारनार होतीस काय?”

काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर माझ्या अक्षरात ‘पाणी पूर्ण काढावे’ असं होतं. पुढे त्या पाण्याचं काय करायचं ते नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. डॉक्टर, चूक यांची नाही, माझी आहे. मी ते वाक्य बोलले नाही. मला नोकरीची भीती होती, हे खरं. पण त्याहून जास्त लाज होती, की एवढी शिकलेली बाई आणि तिला कट माहीत नाही, असं का, हे त्या सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

हिराजीदादा वाचले. दुपारपर्यंत पायात जोर आला. पुढच्या सोमवारी मी सगळी पत्रकं नव्याने लिहिली आणि लाल शाईत भर घातली की डाळीवरचं पाणी मोरीत ओतावं, त्याची आमटी करू नये. डॉक्टरांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. मॅडमनी घरातली चूक कशी बरोबर पकडली बघा, असं म्हणाले. मी थँक्यू म्हटलं. अशा वेळी दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नाही.

त्यानंतर हिराजीदादांनी आणखी दोन होळ्या पाहिल्या. दोन्ही वेळा ते पाटावर बसले. माझ्या पत्रकातली तळहाताएवढी पोळी खाल्ली. मला मशिनवरून सांगायचे, पोळी चांगली झाली होती, जरा कोरडी लागली. गोमतीकाकूंनी त्या घरात आमटी करणं बंद केलं होतं. फक्त त्यांच्यापुरती नाही, सगळ्यांसाठीच. कट काढायचा आणि मागच्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतायचा. नरेशच्या बायकोने एकदा म्हटलं की आम्हाला तरी करा, तर काकू चुलीपुढून उठून गेल्या. हे सगळं मला दादांनीच गमतीने सांगितलं. शेवगा लई माजलाय मॅडम, म्हणाले. मी हसले, आणि घरी जाऊन जेवले नाही. मला रोज वाटायचं, आज सांगू, मशिन सुरू झालं की सांगू. माझ्या समोरच्या माणसांनी सांगितलेलं खरं की खोटं हे मी दिवसभर ओळखायची. स्वतःचं एक वाक्य मला तीन वर्षं सांगता आलं नाही.

मग एका माघात, होळीला दीड महिना असताना, ते झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, खाण्याचा संबंध नाही. काकूंना ते कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

त्या होळीच्या दिवशी मी सुट्टी घेतली. ज्या घरातलं माणूस गेलंय तिथे पहिल्या सणाला पुरण शिजत नाही, बाहेरच्या कुणीतरी करून न्यायचं असतं, एवढं तोवर मी विचारून घेतलं होतं. सकाळी उठून मी आयुष्यातली पहिली पुरणपोळी करायला बसले. डाळ शिजवली. गूळ घालून पुरण आटवताना खालून लागलं. पोळ्या लाटताना फाटल्या. बारा करायच्या होत्या, चार बऱ्या निघाल्या. चाळणीखालच्या पातेल्यात पाणी साठलं होतं, पिवळं, दाट. मी सवयीने ते मोरीकडे नेलं, आणि हात थांबला. मी ते एका स्टीलच्या उभ्या डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं आणि रिक्षात मांडीवर धरून सोनिवलीला गेले.

नरेश तोवर नव्या इमारतीत फ्लॅट घेऊन राहायला गेला होता. जुन्या घरात काकू एकट्याच होत्या. चारही बाजूंनी इमारती, मध्ये ते कौलारू घर आणि मागे शेवगा. होळीची लाकडं यंदा सोसायटीच्या मोकळ्या जागेत रचली होती आणि पलिता नरेश लावणार होता. मी पोळ्या पुढे ठेवल्या. काकूंनी एक उचलून उजेडात धरली आणि फाटलेल्या कडेकडे पाहिलं. मग त्यांनी डबा उघडला.

“ह्यो काय आनलास?”

“कट,” मी म्हटलं. “मला आमटी करता येत नाही. ओतून टाकवला नाही.”

आणि मग मी सांगितलं. न थांबता सांगितलं. की पत्रकात चूक होती. की मला कट माहीत नव्हता. की त्या दिवशी सगळे तुम्हाला बोलत होते आणि मी कागदाकडे बघत बसले. की तुम्ही त्यांना काही केलं नाही. काकू ऐकत होत्या. त्यांच्या हातात डब्याचं झाकण होतं.

“मना म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

“त्याच दिसी म्हाईत हाय. तुजा तोंड बघला ना मी. घरी आल्यावर यांना सांगितला, की बायला कटाचा म्हाईतच नव्हता, तिच्या घरात होली नसते. तर ते बोलले, गप ऱ्हा. एकटी पोर हाय, नोकरी जाल तिची. तुला नरेश बोलला तर बोलू दे, आपलाच हाय.” काकूंनी झाकण खाली ठेवलं. “ते तुला कदी बोलले नाय?”

“नाही,” मी म्हटलं.

तीन वर्षं ते आठवड्यातून दोनदा चार-चार तास माझ्यासमोर पडलेले असायचे. शेवग्याची गंमत सांगायचे. मी काकूंना वाचवलं नाही, आणि ते दोघं मला वाचवत होते, माझ्यासारख्या कुणाच्याच हिशेबात नसलेल्या बाईला. मला तेव्हा रडू आलं ते आवरलं नाही. काकूंनी आवरायलाही सांगितलं नाही.

थोड्या वेळाने त्या उठल्या आणि शेगडी पेटवली. मी म्हटलं, काकू, यंदा तुमच्याकडे चालत नाही ना. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “पुरन शिजवाचा नाय. ते तू शिजवून आनलास. फोडनीला कोन काय बोलल?”

तर ही ती पाककृती, संपादकांनी दहा मागितल्या होत्या त्यातली एक. तेलात राई, कढीपत्ता, ठेचलेली लसूण. भाजलेलं खोबरं आणि कांदा वाटून. घरचा लाल मसाला, दोन चमचे. चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ. मग कट ओतायचा आणि एक उकळी येऊ द्यायची. मीठ शेवटी. ज्यांची मूत्रपिंडं धड नाहीत त्यांनी वाचून सोडून द्यावी, बाकीच्यांनी करावी. उष्मांक मी मोजलेले नाहीत.

काकूंनी दोन ताटं घेतली. माझी फाटकी पोळी आणि वाटीभर आमटी. जमिनीवर समोरासमोर बसून आम्ही जेवलो. काकूंनी पहिला घोट घेतला आणि बराच वेळ वाटी तशीच तोंडाशी धरून ठेवली. तीन वर्षांनी चाखत होत्या. मी संपवली तेव्हा त्यांनी काही न विचारता पळी उचलली. सणाच्या दिवशी कुणी मला असं न विचारता वाढायला आलं की माझा हात आपोआप वाटीवर जायचा, नको, बस, म्हणून. त्या दिवशी मी हात मांडीवरच ठेवला आणि वाटी पुढे केली.